कोरी सीडी, मोरपीस आणि जुनी लेन्स: नॅनोमीटर घरच्या घरी कसा मोजायचा

सेलूत स्टेशनच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे, मधूनच एखाद्या शाळेचं स्नेहसंमेलन. एके काळी एका लग्नामागे दहा-बारा सीड्या जायच्या. मग पेनड्राइव्ह आले, आणि आता तर लोक म्हणतात, "व्हॉट्सअॅपला टाका की." माळ्यावर कोऱ्या सीड्यांच्या शंभर-शंभरच्या चार थप्प्या तशाच राहिल्या. भंगारवालासुद्धा त्यांना हात लावेना.

पोरगी पुण्यात पीएचडी करते. विषय असा की, प्रकाशाच्या तरंगाहून बारीक नक्षी पदार्थावर करायची आणि त्या नक्षीने प्रकाश हवा तसा वळवायचा. पाहुण्यांनी विचारलं की मी "कॅमेऱ्याच्या काचेवर कायतरी करायली" एवढं सांगून मोकळा व्हायचो. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना तिने एक सीडी उजेडात धरली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही पंधरा वर्षं नॅनोच्या नक्षीचं दुकान चालवलंत. हिच्यावर चर आहेत, दोन चरांत १६०० नॅनोमीटर अंतर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग."

"कशावरून?" मी विचारलं.

"मोजा ना. जत्रेतला लेझर अन् पट्टी पुरे."

त्या दिवशी मोजलं. नंतर गल्लीतल्या पोरांकडून, भाच्याकडून, एका नवरदेवाकडूनही मोजून घेतलं (वरात यायची होती, वेळ होता). कुठे चुकतं ते आता पाठ झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सीडी सोलणं

कोरी सीडी घ्या. वर चकाकणारा जो चांदीसारखा थर असतो तो खालच्या बाजूला नसतो, लेबलच्या बाजूला असतो, वरून नुसता लाखेचा पातळ हात दिलेला. म्हणून सीडी खालून ओरखडली तर बऱ्याचदा वाचते, वरून ओरखडली की गेली. लेबलच्या बाजूने कटरने मधल्या भोकापासून कडेपर्यंत दोन-तीन रेघा मारा. त्यावर रुंद खाकी पॅकिंग टेप दाबून चिकटवा आणि एका झटक्यात ओढा. वरण उतू गेल्यावर शेगडीवरचा पापुद्रा निघतो तसा थर निघतो. राहिला तर दुसरी पट्टी लावा. बारीक सेलोटेप वापरू नका, तासभर सोलत बसाल.

खाली प्लॅस्टिकची सव्वा मिलिमीटर जाडीची पारदर्शक चकती उरते. लिहिता येणाऱ्या सीडीत रंगाचा एक हलका थरही असतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. बोळा हलक्या हाताने फिरवा. चर या प्लॅस्टिकमध्येच दाबलेले असतात, त्यामुळे चांदी गेली तरी ते जात नाहीत. पूर्ण सीडीवर हा एकच चर आतून बाहेर गोल गोल फिरत जातो. सरळ केला तर सव्वापाच किलोमीटरच्या वर भरतो. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत त्याचे पंचेचाळीसेक वेढे बसतात.

मांडणी

लेझर लाल घ्या. हिरवे स्वस्त लेझर मी मुलांच्या हातात देत नाही, त्यातून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटतो. लालसुद्धा कोणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि चकचकीत ताट, आरसा, स्टीलचा डबा समोरून उचला. लेझरचं बटण दाबून धरायला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. दोन पुस्तकांच्या मध्ये तो आडवा ठेवा. समोर चकती उभी करा, तिला आधार म्हणून कांदा मधोमध चिरून त्यात खाच पाडली तरी चालते. आमच्याकडे तसंच केलं होतं, वास दोन दिवस राहिला.

किरण चकतीच्या मध्यावर सोडायचा नाही. घड्याळात तीन वाजता काटा दाखवतो त्या जागी, उजव्या कडेजवळ सोडायचा. तिथे चर उभे असतात, म्हणून ठिपके आडव्या रेषेत पडतात. वर बारा वाजायच्या जागी सोडलात तर ठिपके एक छताकडे आणि एक टेबलाखाली जातो.

चकतीपासून बरोबर २० सेंटिमीटरवर भिंत किंवा पांढरा पुठ्ठा. मधोमध एक ठिपका दिसेल, आणि डावी-उजवीकडे एकेक. अंधार नीट केला असेल तर त्यांच्याही पलीकडे, सत्तावीस-अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास, आणखी एकेक फिकट ठिपका असतो.

ठिपकेच का, पसरट उजेड का नाही? प्रत्येक चरातून प्रकाश सगळीकडे पसरतो. पण ठरावीक कोनातच असं होतं की शेजारच्या चरातून आलेला तरंग बरोबर एका तरंगाच्या लांबीने, म्हणजे एका तरंगलांबीने, मागे असतो. दिंडीत पावलं एकावर एक पडावीत तसे हजारो चरांतले तरंग त्या दिशेला जुळतात. बाकी दिशांना कोणाचं पाऊल कुठे, कोणाचं कुठे, आणि सगळ्यांची मिळून बेरीज शून्याजवळ येते.

हिशेब

डाव्या ठिपक्यापासून उजव्या ठिपक्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. एकाच बाजूचं मोजू नका, चकती किंचित तिरकी असली तर एक बाजू लांबते, दुसरी आखूड होते. माझं एकूण १७.६ आलं, निम्मं ८.८ सेंटिमीटर.

साइन-टॅन नको. चकती, मधला ठिपका आणि बाजूचा ठिपका यांचा काटकोन त्रिकोण होतो, त्याचा कर्ण काढा. २० चा वर्ग ४००, ८.८ चा ७७.४४, बेरजेचं वर्गमूळ २१.८५. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली तर ६५० ला २१.८५ ने गुणा आणि ८.८ ने भागा. उत्तर १६१४ नॅनोमीटर. पोरीने सांगितलेल्या १६०० च्या इतकं जवळ, तेही कांद्यात उभ्या केलेल्या सीडीवरून.

खरं सांगायचं तर हा माझा दुसरा आकडा. पहिल्यांदा २०२७ आला होता. फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली. "सीडी जुनी झाली म्हणून चर फाकले का पप्पा?" मी अंतर लेझरच्या तोंडापासून भिंतीपर्यंत मोजलं होतं, चकती त्यापुढे सहा सेंटिमीटरवर होती. दहापैकी सहा-सात जण इथेच चुकतात. प्रकाश चकतीपाशी फुटतो, तर मोजणीही चकतीपासूनच सुरू व्हायला हवी.

दुसरी गोम लेझरची. जत्रेतल्या लेझरवर "६३० ते ६८०" असं लिहिलेलं असतं. एवढ्या सैल आकड्यावरून पक्कं उत्तर येत नाही. मग उलटं करा: सीडीचे १६०० खरे माना आणि त्यावरून लेझर मोजा. माझा ६४४ निघाला. पोरांना हा उलटा हिशेब जास्त आवडतो, कारण बाजारातून आणलेल्या वस्तूवरचं लेबल आपण तपासलं असं वाटतं.

आता डीव्हीडी. ती दोन पातळ चकत्यांची जोडी असते. कडेला कटरचं पातं घालून हळूच फिरवलं की उकलते. जांभळट रंग निघाला तर तो स्पिरिटने धुवा. भिंत १० सेंटिमीटरवर आणा, कारण ठिपका फार लांब पळतो. माझा १७.९ वर पडला, हिशेबाने ७४५ नॅनोमीटर. खरा आकडा ७४० आहे. पण इथे नीट बघा: दुसरा ठिपका नाहीच. कितीही अंधार करा, नाही. दुसऱ्या ठिपक्याला शेजारच्या तरंगाने दोन तरंगलांब्या, म्हणजे १३०० नॅनोमीटर मागे राहावं लागतं, आणि चरच ७४० वर असतील तर एवढं मागे पडायला जागाच नाही. ब्लू-रे चकतीचे चर ३२० वर असतात. तिच्यावर लाल लेझर सरळ टाकला तर पहिला ठिपकासुद्धा पडत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीने घेतला. नक्षी तरंगाहून बारीक झाली की प्रकाशाला चर वेगवेगळे "दिसत" नाहीत. त्याला तो एक नवाच पदार्थ वाटतो, ज्याचे गुण नक्षीने ठरवलेले. पोरीचं सगळं संशोधन या उंबऱ्याच्या आतलं आहे. आणि तिथे आपली पट्टी चालत नाही.

मोरपिसाच्या परीक्षा

पट्टी चालत नाही तिथे परीक्षा घ्यायची. त्यासाठी मोरपीस. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, त्या भागातल्या पाहुण्यांच्या शेतात गळलेली पिसं सापडतात. गळलेलंच पीस घ्या. मोराला हात लावला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

आधी पीस खिडकीकडे पाठ करून बघा: निळा, हिरवा, सोनेरी. मग खिडकी आणि डोळा यांच्या मध्ये धरा, म्हणजे उजेड आरपार यायला हवा. रंग जातो आणि मळकट तपकिरी उरतं. पिसात निळा रंग नाहीच. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसातलंच काळपट द्रव्य.

मग भिजवा. नुसत्या पाण्याने फार काही होत नाही, पीस तेलकट असतं, थेंब गडगडत जातो. सॅनिटायझर किंवा स्पिरिटमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा. रंग मंदावतो, सरकतो, वाळला की परत येतो. ही परीक्षा रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये छापलेली आहे. त्याच्या सूक्ष्मदर्शकाला नक्षी दिसत नव्हती, पण भिजल्यावर रंग मोडतो यावरून त्याने ताडलं की हा रंग द्रव्याचा नाही. रंगवलेला कपडा भिजला तर गडद होतो, पण निळ्याचा वेगळाच रंग होत नाही.

शेवटी कुटा. एक-दोन डोळ्यांचे केसर कात्रीने बारीक कापून खलात घाला. हळद कितीही कुटा, पिवळीच राहते. मोरपीस कुटलं की तपकिरी भुकटी होते. रंग नक्षीत होता आणि आपण नक्षी मोडली.

ती नक्षी कशी असते, ते २००३ मध्ये चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या चमूने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून मोजलं. मेलॅनिनच्या बारीक कांड्या एकमेकींना समांतर, चौकटीत रचलेल्या, मध्ये हवेची भोकं. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर साधारण १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. पंचवीस नॅनोमीटरच्या फरकात निळ्याचा पिवळा होतो. सीडीच्या एका चराच्या जागेत या कांड्यांच्या दहा-अकरा ओळी मावतील.

अशी रचना ठरवून केली तर एखाद्या रंगाला पदार्थात शिरायलाच बंदी करता येईल, हे १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी वेगवेगळं मांडलं. त्याला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. मोराने त्याच्या कितीतरी आधी ते अंगणात वाळत घातलं होतं, पण ते असो.

दसऱ्याला आपण ज्या नीलपंखाचं दर्शन घेतो, त्याच्या पिसांवर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये निबंध लिहिला. त्याचाही निळा रचनेचाच, मात्र तिथे चौकट नसून स्पंजासारखी हवेची भोकं असतात, म्हणून तो मोरासारखा कोनागणिक बदलत नाही. नीलपंखाचं पीस मिळवायच्या नादाला लागू नका. लांबून बघा.

एक इशारा. कोन बदलला की रंग बदलतो, म्हणजे रंग रचनेचाच, असं धरू नका. मी स्वतः फसलो. पैठणीच्या धूपछाव पदराला पंधरा वर्षं फ्लॅश मारतोय, मला वाटलं, हे तर आपलं घरचं उदाहरण! पोरीने आईच्या जुन्या पैठणीच्या दशीतला एकेक धागा ओढून दाखवला. उभा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. रंगारी दोघांनाही वेगळ्या हौदात बुडवून काढतो. विणकरी अफाट आहे, पण रंग द्रव्याचा आहे. आरपार, भिजवणं आणि कुटणं या तिन्ही परीक्षा झाल्याशिवाय निकाल देऊ नका. (पैठणी कुटायला काढली नाही, एवढं बायकोच्या समाधानासाठी सांगतो.)

लेन्सवरची जांभळी झाक

माझ्या धंद्यातली वस्तू शेवटी. कॅमेऱ्याची लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. आत ट्यूबची बरीच प्रतिबिंबं दिसतील, कुठलं जांभळं, कुठलं हिरवं. आता खिडकीच्या काचेत तीच ट्यूब बघा, पांढरी दिसते.

साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परत फेकतो. थोडा वाटतो, पण झूम लेन्समध्ये बारा भिंगं असली तर पृष्ठभाग चोवीस. शंभरातले ९६, त्यातले पुन्हा ९६ टक्के, असं चोवीस वेळा केलं की शंभरातले जेमतेम ३७-३८ उरतात. बाकीचा आतल्या आत आपटत राहतो आणि फोटोवर धुकं आणतो. यावर १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने उपाय काढला: काचेवर पातळ थर द्यायचा, तरंगलांबीच्या चतुर्थांशाचा. थराच्या वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांच्या उलट पडतात आणि मिटतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असेल तर हिरव्या प्रकाशासाठी हिशेब असा: ५५० भागिले चार, भागिले १.३८ (हा त्या थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती पट हळू चालतो तो आकडा), म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर. हिरवा मिटला, लाल-निळा थोडा उरला, म्हणून झाक जांभळी.

हा थर मी हाताने घालवलाय. २०११ च्या उन्हाळ्यात लेन्सवर एक डाग पडला, कोणीतरी टूथपेस्ट सांगितली, मी घासली. डाग गेला. पण त्या रुपयाएवढ्या जागेत ट्यूब पांढरी दिसायला लागली, आणि पुढच्या लग्नात मांडवातल्या प्रत्येक हॅलोजनने नवरीच्या तोंडावर पांढरा भपका मारला. ती लेन्स आता धडा म्हणून काउंटरवर ठेवलेली आहे. १०० नॅनोमीटर किती, हे दाखवायला याहून चांगली वस्तू मला अजून मिळाली नाही.

हीच युक्ती फिरवली तर उलटं काम होतं. एक थर कमी घनतेचा, एक जास्त, एक कमी, एक जास्त, सगळे चतुर्थांशाचे, की परतणारे तरंग मिटण्याऐवजी जुळतात आणि काचेचा आरसा होतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि टोकाला चाळीस-चाळीस किलोचे आरसे. चांदी लावलेले नाहीत, थर दिलेले. लेझर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणून सिलिकाचा थर साधारण १८३ नॅनोमीटर आणि टँटलमच्या ऑक्साइडचा १३० च्या आसपास, आळीपाळीने. टोकाच्या आरशातून प्रकाशाच्या दहा लाख भागांतले मोजकेच भाग आरपार जातात. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाताना मला आता तो हिशेब आठवतो.

पोरीचं काम याच्याही पुढचं. थर न देता काचेवर खांब उभे करायचे. २०१६ मध्ये हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडचे सुमारे ६०० नॅनोमीटर उंचीचे खांब उभारून सपाट लेन्स केली. माझ्या भिंगात काच मध्ये जाड, कडेला पातळ असते, म्हणून प्रकाश कमी-जास्त रेंगाळतो आणि वळतो. तिथे उंची सगळ्यांची एकच, खांबाची जाडी आणि वळण बदलून तेच साधतात. मी माझी दीड किलोची टेली लेन्स तिच्या हातात दिली आणि विचारलं, हिची सुट्टी कधी? म्हणाली, सगळे रंग एकाच जागी आणणं अजून जड जातं, तोवर खांद्याला पट्टा असू द्या. तिच्या प्रयोगशाळेत नॅनोच्या गोळ्यांचं पाणी सुकवून नकली ओपलही (ओपल म्हणजे रंग पालटणारं रत्न) करतात. थर जरा लवकर वाळला तर तडकतो. तिने सूक्ष्मदर्शकातला फोटो पाठवला तेव्हा मी म्हटलं, हे तर मे महिन्यातलं आपलं काळं रान आहे, अगदी तशाच भेगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. सोलण्याआधी सीडीवर मार्करने काही लिहिलंय का ते वाचा. कोऱ्या सीड्यांच्या थप्पीत एखादी भरलेली मिसळलेली असते. जानेवारीत भाच्याने अशीच एक सोलली, स्पिरिटने लख्ख पुसली आणि मोजून १६०८ काढले. मी शाबासकी दिली. तीन आठवड्यांनी मानवतचं एक जोडपं आलं. २००९ चं लग्न, त्यांची प्रत पुरात भिजली होती, तुमच्याकडे मूळ असेल म्हणाले. टेपला चिकटलेली चांदी मी कचऱ्यातून शोधली, तिच्यावर माझ्याच अक्षरात नवरा-नवरीची नावं होती. लग्न मात्र गेलं होतं. ती पारदर्शक चकती मी दुकानाच्या काचेला लावून ठेवलीय, दुपारी चारनंतर ऊन आलं की समोरच्या भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो. त्या बाईंनी तो बघितला, छान आहे म्हणाल्या. कशाचा ते मी अजून सांगितलेलं नाही.